सीन बावीस

अंबडच्या बंद पडलेल्या शेडमध्ये
रात्री साडेअकराला प्रयोगशाळा उभी राहिली.
दोन कुकर, सलाइनच्या नळ्या,
गणपतीतली उरलेली लायटिंगची माळ
आणि बरण्यांत निळंशार विष,
म्हणजे मोरचूद,
हर्षलच्या मामाच्या द्राक्षबागेतून, पिंपळगावहून.

शास्त्रज्ञ नेहमीसारखा गोरा, उंच,
गंगापूर रोडचा कुणी सबनीस.
पिपेट तो विडीसारखी धरायचा.
मला माहीत होतं कशी धरतात.
मी दिवसा दिंडोरीच्या वायनरीत
रसातली साखर मोजते, आम्लता मोजते,
वहीत सही करते: सु. ल. भोये.
पण मी राक्षसीण होते.

इद्रिस मनियार मदतनीस. पाचव्या सिनेमात पाचव्यांदा.
भद्रकालीत घड्याळं दुरुस्त करतो,
पोलिओचा पाय ओढत फ्रेममध्ये येतो,
आणि हर्षल म्हणतो, थोडा जास्त ओढ ना.
"याहून जास्त हवा असेल तर," इद्रिस म्हणाला,
"उरलेलाही द्यावा लागेल."

मला काळं करायला मेकअपवाली आली,
बघितलं, डबी परत मिटली.
"तुझं काम कमी आहे," म्हणाली.
मायेनंच म्हणाली.

गोष्ट अशी: डॉक्टर जंगलातून बाई आणतो,
सुई टोचतो, बाई माणसं खाते, बाई जळते.
डॉक्टरला पश्चात्तापासाठी दोन पानं.
मला गुरगुर.
कुठलं जंगल, मी विचारलं.
जंगल म्हणजे जंगल गं. सुरगाण्याकडचं धर.
सुरगाण्याकडे माझं घर आहे.
घरात फ्रीज आहे, फ्रीजच्या वर
काचेत माझी बीएस्सी.

सीन बावीस. साखळदंड, धूर.
"तुझ्या भाषेत बोल काहीतरी,
अंगावर काटा आला पाहिजे."
मी कॅमेऱ्यात बघितलं
आणि आमच्या बोलीत, घसा खरवडत, सावकाश विचारलं:
नागलीची भाकर उरलीय का गं?

सबनीस खरंच दोन पावलं मागे सरकला.
कट. टाळ्या. हर्षलचे डोळे भरलेले.
पुढे त्याखाली अक्षरं आली:
रक्त! मला रक्त हवंय!

मार्चमध्ये गावी, चुलत्याच्या ओट्यावर,
एका मोबाइलभोवती एकवीस डोकी.
डॉक्टर आला, कुणी काही बोललं नाही.
इद्रिस आला, पोरं म्हणाली, हा भारी आहे.
मग मी. साखळदंडासकट.
विचारलं.
क्षणभर कुणाला कळलंच नाही
की आपल्याला कळलंय.
आणि मग जे हसू फुटलं
त्यात फोन खाली, चुलता खांबाला धरून,
पोरं भाकर भाकर करत अंगणभर.

काकी तेवढी हसली नाही.
तिनं फोन उचलला, पदरानं काच पुसली.
आत मी तोवर पेटले होते.
काकी वाकून त्या जाळाला म्हणाली,
दीड उरलीय.
ये.