कच्चं पाणी

चाळीस.
वहीच्या पहिल्या पानावर एवढंच, खाली दोन रेघा.
वरच्या टेबलावर बसायचं तर
तिथले चाळीस बाय-इन गाठीला हवेत.
तीसच्या खाली आलं की उतरायचं.
ही दुसरी ओळ मी पेन्सिलीने लिहिली होती,
का, ते तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

सात वर्षं मांडवीतल्या जहाजावर पत्ते वाटले.
काळा बो, खिसे शिवून टाकलेली पँट,
आणि टेबल सोडताना हात झटकून दाखवायची सवय,
ती अजून जात नाही:
पेडण्याच्या बाजारात सुटे पैसे घेतले तरी
भाजीवालीला तळवे उलटेसुलटे करून दाखवतो.
तिथे एक गोष्ट पाहिली.
माणसाचे पैसे नंतर संपतात,
आधी मोजणं संपतं.

आता आगरवाड्यात, घरीच.
खिडकीशी लॅपटॉप, मागे मिठागरं, त्यापलीकडे शापोऱ्याची नदी.
प्रतिमा मोपाला रात्रपाळीवर.
दहा-वीसच्या टेबलावर चौदा महिने काढले.
कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला सांगू.
शंभरातले ऐंशी हात न खेळता टाकायचे
आणि बाकीच्या विसांची वाट बघितली
असं कुणाला कळू द्यायचं नाही.

मार्चमध्ये दोन लाख भरले.
पंचवीस-पन्नास. बाय-इन पाच हजार.
चाळीस, बरोबर चाळीस.

त्या दुपारी शाणू नागवेकर बांधावर उकिडवा बसून
पाण्यात बोट बुडवून चाटत होता.
पुढचा खण कोरडा, तापलेला, तयार.
मी म्हटलं, सोड की, ऊन काय कमी आहे?
"पाणी अजून कच्चां आसा.
फुडल्या खणात सोडलां म्हणान मीठ धरूचां ना."
बोट चड्डीला पुसलं, उठला, गेला.
मला वाटलं, हा मिठाबद्दल बोलतोय.

वर अकरा रात्री टिकलो.
पहिल्या चार गोड गेल्या. नवव्या रात्री
माझ्याकडे राजांची जोडी, समोरच्याकडे सत्ती-अठ्ठी,
आणि शेवटच्या पत्त्याने त्याची ओळ जुळवली.
त्या शेवटच्या पत्त्याला या खेळात नदी म्हणतात.
माझ्या खिडकीबाहेरची असलं काही करत नाही,
ती वेळापत्रक छापून येते.

एक लाख सत्तेचाळीस हजार तीनशे.

सेल्विनचा फोन: अरे, तू त्यांच्यापेक्षा बरा खेळतोस,
आज बसलास तर एका रात्रीत भरून काढशील.
खरं होतं. तीच तर अडचण.
सेल्विन माझ्याहूनही बरा खेळतो.
मागच्या वर्षी त्याने स्कूटर विकली,
आता शिवोलीहून बसने येतो
आणि बस आपल्याला आवडते असं सांगतो.

चढण्याला शब्द पुष्कळ.
उतरण्याला काय? घसरण, माघार, पायउतार,
सगळ्यांच्या तोंडाला काळं लागलेलं.
नदीचं बरं आहे. ओहोटी म्हणतात,
आणि ती हरली असं कुणी म्हणत नाही.

खाजणाच्या तोंडाशी लाकडी दार असतं,
आमच्याकडे त्याला मानस म्हणतात.
भरतीने रेटलं की आपसूक मिटतं,
ओहोटीला उघडतं. राखणदार झोपला तरी.
माझ्याकडे असं काही नाही.
माझ्याकडे पेन्सिलीची एक ओळ.

अकरा वाजता लॉबी उघडली.
पंचवीस-पन्नासला एक खुर्ची रिकामी, हिरवी लुकलुकत,
शेजारी तो पोपटाचा फोटोवाला,
जो एकही हात सोडत नाही.
असा शेजारी महिन्यातून एकदा मिळतो.
बोट खुर्चीवर नेलं.
मग ते चाटलं, का कोण जाणे.
खारट होतं. जेवणातल्या बांगड्याचं.

तळवे झटकून स्क्रीनला दाखवले
आणि दहा-वीसवर जाऊन बसलो.
पहिला हात आला: चौकी, दुर्री.
टाकला.
पेन्सिलीची ओळ पेनाने गिरवली,
'उतरायचं'पाशी शाई थोडी फुटली.

पहाटे प्रतिमा आली.
काय झालं, जागाच आहेस?
म्हटलं, उतरलो.
"कुठून?" तिने विचारलं, बूट काढत.