खट्

पाटणकर बाजारातल्या पारसने
माझा कॅमेरा तळहातावर तोलला, कोबी तोलावा तसा,
आणि म्हणाला, "ग्यारह. इससे ऊपर नहीं, दीदी."
तीन लेन्सचे वेगळे.
पन्नासच्या काचेत बुरशी आहे,
ती तुम्हीच ठेवा, कागद उडू नयेत म्हणून.

त्याने वायर जोडून आकडा काढला :
एक लाख चौऱ्याऐंशी हजार.
इतक्या वेळा आतला आरसा
वर उडाला, खाली आला.
बाईच्या वयासारखा तो आकडा
त्याने मोठ्याने वाचला. गिऱ्हाइकं होती.

"अब सब बिना आरसे का लेते हैं."
हलका, मुका. डोळा शोधून डोळ्यावरच थांबणारा.
माझं कोपर गेली दोन वर्षं
हेच सांगतंय, वेगळ्या शब्दांत.

खरं कारण कोपर नाही.
खरं कारण शरयूताई पागे.
दौलतगंजच्या राममंदिरात दर डिसेंबरात त्यांचं गाणं,
सतरंजीतून थंडी वर चढते,
हातमोज्याचं एक बोट मी कात्रीने कापलेलं.
विलंबितात त्या डोळे मिटतात,
वरच्या षड्जाच्या उंबऱ्याशी थांबतात,
चेहऱ्यावर काहीतरी उजाडतं,
आणि मी :
खट्.

पुढच्या रांगेतले अभ्यंकर वकील असे वळतात
जणू मी नैवेद्याला हात लावलाय.
ताई अकरा वर्षं काही बोलल्या नाहीत.
मागच्या साली चहाच्या वेळी म्हणाल्या,
"तुझा कॅमेरा समेच्या आधी वाजतो गं.
अर्धी मात्रा."
त्या हसल्या.
मला त्या रात्री झोप नाही.

आणि एक गोष्ट पारसला ठाऊक आहे, पण तो ती विकत नाही :
आरसा वर जातो तेव्हा
बघण्याच्या खिडकीत काळोख होतो.
पापणी लवेल तेवढाच. पण नेमका तेव्हाच.
म्हणजे जो क्षण मी घेतला
तो मी पाहिलेला नाही.
दादा दवाखान्यात एकदाच हसले,
तो फोटो भिंतीवर आहे, सगळे म्हणतात, किती जिवंत.
ते हसले तेव्हा
माझ्यापुढे काळं होतं.

म्हणून या वर्षी नवा आणला, भाड्याने,
बाराशे रुपये रोज.
खिडकीत खिडकी नव्हती, इवलासा पडदा होता.
ताई त्यात बसलेल्या, किंचित निळ्या,
बातम्यांतल्या बाईसारख्या.
डोळे मिटले. उंबरा. उजाडलं.
मी बोट दाबलं आणि काहीच झालं नाही,
म्हणजे सगळं झालं, सलग,
एकदाही अंधार न होता.
पहिल्यांदाच पाहिला मी तो षड्ज चेहऱ्यावर येताना.
घेतला की नाही हे मात्र
माझ्या बोटाला कळेना.
चारशे बारा निघाले. अभ्यंकर एकदाही वळले नाहीत.
दुसरी बॅटरी मध्यंतरालाच संपली.

चहाच्या पातेल्याशी ताई समोर आल्या,
शाल सावरत, जरा अडखळत.
"अगं, आलीस कधी?
मला वाटलं, आज नाहीसच तू."

रात्री कंपूच्या खोलीत
जुन्याची लेन्स काढून आत फुंकर मारली.
आरशावर धूळ आहे, केसाएवढा एक तंतूही.
तो वर्षानुवर्षं मला प्रत्येक चौकटीत दिसतो,
वधूच्या कपाळावर, किल्ल्याच्या निळ्या टाइलांवर, दादांच्या उशीवर,
आणि एकाही फोटोत उतरलेला नाही.
तो आरशावर असतो. फक्त माझा.

पारसचा फोन : अकराचे साडेदहा झाले,
सोमवारपर्यंत सांगा.
आज शुक्रवार.
मी ब्रश शोधते आहे,
सापडला तरी तो तंतू काढीन असं नाही.