दुसरी खुर्ची

मी फक्त ड्रायव्हर.
सकाळी साडेआठला सेतूबलच्या गोदीत
बंद पडलेल्या मासळीच्या कारखान्याला खेटून
व्हॅन उभी करायची, हँडब्रेक ओढायचा,
पायरी खाली सोडायची.

मागे नर्स इवल्याशा पेल्यात
मेथाडोन मोजून देते. ते मला कळतं.
मोजता येतं ते सगळं मला कळतं:
डिझेल, टायरातली हवा, मिलिलिटर.
फेलिझ्मिना काय देते
ते कळायला वर्ष गेलं.

तिच्याकडे घडीच्या दोन खुर्च्या आणि एक थर्मास.
पेला रिकामा करून माणूस खाली उतरला
की ती विचारते, "काल काय खाल्लंस?"
यासाठी म्हणे पाच वर्षं विद्यापीठात शिकली.
माझी आईही हेच विचारायची, फुकट.
तसं मी एकदा बोलूनही दाखवलं.
ती म्हणाली, "आणि आईला तू खरं सांगायचास?"

आदेरितु जाळी विणायचा.
जाळी गेली, बोटांची सवय राहिली;
बोलताना हवेतच गाठी मारायची.
पहिले तीन महिने तो बसलाच नाही.
उभ्या उभ्या: "ब्रेड." "काही नाही." "सूप."
दोन पावलं लांबून. मग एक.
जूनमध्ये त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला,
आणि मी किती वेळ आरशात बघत होतो
ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

मग एके दिवशी बसला. चाळीस मिनिटं सलग बोलला.
मी काच वर केली, नियम तसा आहे.
दिसत होती फक्त बोटं.
गाठी मारत होती की सोडवत होती,
मला जाळ्यातलं कळत नाही.
मला वाटलं, सुटला.

ऑक्टोबरात यायचा थांबला.
अकरा दिवस.
फेलिझ्मिना रोज दुसरी खुर्ची उघडायची,
हॉस्पिटलला फोन, रैनबसेऱ्याला फोन,
बहिणीला फोन; बहीण उचलायची नाही.
संध्याकाळी कारखान्यामागच्या गल्ल्यांतून
तिने मला व्हॅन फिरवायला लावली,
दुसऱ्या गिअरवर, काचा खाली करून.
मी म्हणालो, "मोठा माणूस आहे. यायचं तर येईल."
"हो," ती म्हणाली. "जरा डावीकडे घे."

माझ्या भावाच्या वेळी
आम्ही दार आतून लावून घेतलं होतं.
कडी आईने घातली. कुलूप मी आणलं.
त्याबद्दल एवढंच.

बाराव्या दिवशी आला.
एक डोळा सुजलेला, बूट दुसऱ्या कुणाचे.
आता विचारेल, कुठे होतास, कशाला,
अजून किती वेळा.
मी तरी विचारलं असतं.
"काल काय खाल्लंस?"
तो आठवत राहिला.
"आठवत नाही."
"बरं. परवा?"
आणि तो रडायला लागला, तोंड न झाकता.
नर्सने रांगेला मागे सरकायला सांगितलं.
रांग सरकली. कुणी शिटी मारली नाही, हसलं नाही.

आता फेब्रुवारी चालू आहे.
डोस पाचने उतरला, मग तीनने चढला.
गुरुवारी चर्चच्या तळघरात
सात-आठ जण गोल करून बसतात, त्यात तो असतो.
बहीण दर दोन फोनांमागे एक उचलते.
रविवारी तो काय करतो मला माहीत नाही.
तिला असेल. ती सांगत नाही.

काल त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून चार बांगडे आणले.
तिने हात मागे घेतले: भेटी चालत नाहीत.
त्याने पुडकं बॉनेटवर ठेवलं.
"मग ड्रायव्हरला."
माझ्यासाठी तसा नियम कुणी केलेला नाही.

आज पायरी सोडताना तो खिडकीशी आला,
म्हणाला, "काय, काल काय खाल्लंस?"
मी खरं सांगितलं.
तीन खाल्ले, मीठ लावून, भाजून.
चौथा ताटलीखाली झाकून ठेवला होता.
सकाळी तसाच होता.