तार

प्लेट उघडल्यावर नाक जवळ न्यायचं नाही,
नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते.
स्वतः मात्र वाकते,
वडील काहिलीवर वाकायचे तशी.

हुक्केरीकडच्या गुऱ्हाळात ते गुळवे होते.
चिमटीत पाक धरून बोटं फाकवायचे.
तार तुटली तर अजून जाळ घाल,
नाही तुटली तर काहील उतरव.

काल सकाळी अठ्ठावीस नंबर.
लेबलवर नाव कन्नडात, खाली मराठीत,
दोन्हीकडे वेगवेगळं चुकलेलं.
भरमा हुंदरे, वय एक्केचाळीस,
उसाचा ट्रॅक्टर चालवतो, यकृतात पू.
वसाहती फुगलेल्या, ओल्या, चकचकीत.
लूप टेकवला, हळूच उचलला
आणि तार आली.
पाच मिलिमीटरच्या पुढे गेली की आम्ही श्वास धरतो.
ही माझ्या करंगळीएवढी.
तुटेना.

हा जंतू मला नवा नाही.
वीस वर्षांपूर्वीही होता, धडधाकट माणसाला आडवं करायचा,
पण साध्या इंजेक्शनला भ्यायचा.
त्याचा एक भाऊबंद आयसीयूच्या नळ्यांत राहायचा,
कुठल्याच औषधाला दाद न देणारा,
पण अंगात दम नसलेला,
आधीच पडलेल्याला तेवढा धरायचा.
दोघं दोन गावचे,
म्हणून आम्ही निवांत.

मग सोयरीक झाली.
कुठे, कोणाच्या आतड्यात, देव जाणे.
आंदण काय, तर जनुकांचं एक इवलं कडं,
याच्या मनगटातून त्याच्या.
मध्यस्थ आपलीच माणसं.
दीड दिवसात बरं वाटलं म्हणून गोळ्या फडताळात ठेवणारी,
कोंबड्यांच्या खाद्यात चमचाभर मिसळणारी,
उरलेलं सिरप शेजारणीच्या पोराला देणारी.
ती शेवटची मी.

आज चकत्या बघितल्या.
प्रत्येकीभोवती मोकळं अंगण पडायला हवं.
बारा चकत्या. एकीला ओटाभर जागा,
बाकीच्यांच्या गवत थेट उंबऱ्याला.

काउंटरवर त्याची बायको, नीलव्वा.
"बाई, काय लिवलंय की त्यात?"
माहेर चंदगड. आधी तिथल्या दवाखान्यात नेलं,
तिथून गडहिंग्लज, मग इकडे बेळगावला.
हे ती सांगते थकून, माणसं प्रवास सांगतात तसं,
आणि मी खाटा मोजते.
तीन खाटा. तीन उशा.
सलाईन लावणारे किती हात, ते मोजता येत नाहीत.

कोपरापर्यंत हात धुतले.
फोन लावला, आधी चंदगड.
वाजतोय.