गाळलेल्या जागा

फेब्रुवारीची सोळा तारीख.
नैवाशात, तळ्याच्या या काठाला,
आजपासून गुलाब म्हणजे नुसतं फूल.
जादा विमानं ॲमस्टरडॅमला जाऊन थांबली.
चेरुयोट साहेब दारातूनच म्हणाले,
"ओगुतू, पॅकहाऊस. दहाच्या वर खाडे. जेवणाआधी."

वाक्यात क्रियापद नव्हतं.
ते माझ्याकडे असतं:
कॉलमच्या डोक्यावरचं इवलंसं नरसाळं,
त्यावर एक टिचकी.

एक हजार आठशे सेहेचाळीस ओळी.
गाळणी लावली की आकडे निळे होतात,
एकेचाळीसनंतर एकदम अठ्ठावन्न,
मधली सोळा माणसं
केसाएवढ्या रेघेत घडी करून ठेवलेली.
नवीन होतो तेव्हा त्यांचीच काळजी वाटायची,
कुठे गेली, पुसली तर नाहीत?
आता कळतं, ती सुखरूप आहेत.
या शीटमध्ये दिसणं वाईट.

खिडकीतून पॅकहाऊस दिसतं.
बायका दांड्या मोजतायत:
चाळीस सेंटिमीटर, पन्नास, साठ,
मान कलली असेल तर खालच्या टोपलीत.
काटे लागू नयेत म्हणून त्यांना मोजे देतो आपण,
जोडीमागे अमुक शिलिंग, तेही एका कॉलममध्ये आहे.
मी उघड्या हातांनी काम करतो.

विभागांची यादी उघडली
तर त्यात पॅकहाऊस दोनदा.
एक आपल्या जागी,
दुसरं सगळ्यांच्या वर, अगदी पहिलं,
रांग मोडून पुढे घुसल्यासारखं.
त्याच्यावर खूण केली. एकच ओळ.
केरुबो न्याबोके, नंबर ०९३७, खाडे अकरा.
शेरा: रिकामा.

सेल उघडून पाहिला.
शब्दाच्या आधी एक मोकळी जागा होती.
डोळ्यांना काही दिसत नाही,
बाण मात्र एक पाऊल जास्त चालतो.

मग आठवलं. जूनमधली गोष्ट,
ती नाव नोंदवायला आली होती,
पोरीला तिनं माझ्या टेबलावर बसवलं,
पिशवीत ओळखपत्र शोधत राहिली,
आणि पोरीनं कीबोर्डवरची
सगळ्यात लांब पट्टी शोधून काढली.
थाप मारली. हसली. तिचे दोनच दात होते.
मी तसंच पुढे टाइप केलं.

अकरा खाडे त्याच पोरीचे असतील.
ताप, गोवर, काहीही.
केरुबोनं सांगितलंही असेल कुणाला तरी,
शेऱ्याचा कॉलम भरायचं काम माझंच आहे
आणि मी तो कधी भरत नाही.

दुसऱ्या पॅकहाऊसवर खूण केली, पहिलं सोडलं.
खाली तळाशी उमटलं:
१८४६ पैकी २१२ नोंदी सापडल्या.
सापडल्या, म्हणे. जशा हरवल्या होत्या.

मोकळी जागा पुसायला एक बोट पुरे.
शाळेत मास्तर फळ्यावर लिहायचे,
गाळलेल्या जागा भरा,
आणि मी सगळ्यांच्या आधी हात वर करायचो.
आज हात मांडीवर होते.

यादी पाठवली. दोनशे बारा.
साहेबांचं उत्तर आलं: "ठीक."

चांगलं केलं असं काही वाटलं नाही.
त्या दोनशे बारांतल्या कितीजणींनी
मुलं घरी ठेवली असतील, शेजारणीपाशी,
साहेबांसमोर नीटनेटकं दिसावं म्हणून.
त्यांच्या नावापुढे कुणी थाप मारली नाही.

जेवणाची घंटा झाली.
गाळणी काढली, आकडे पुन्हा काळे,
सगळ्या जणी परत आल्या,
एकाखाली एक, खांद्याला खांदा लावून, शीटवर.
खिडकीबाहेर त्या मोजे काढत होत्या.
केरुबो कोणती, ते मला इथून ओळखता येईना.

संध्याकाळी साहेब विचारतील,
यादीत पॅकहाऊस दोनदा का दिसतं रे?
काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.
सध्या फाइल उघडी आहे,
आणि बाण त्या सेलमध्ये,
शब्दाच्या एक पाऊल अलीकडे
लुकलुकतोय.