पुढचे दोन दरवाजे

वादी कबीरच्या उतारावर, टायरवाल्याच्या मागे
शमनादचं दुकान. एक शटर, एक पंखा,
भिंतीला टेकवलेली दरवाज्यांची सालं.
मी गाडीतून उतरायच्या आधीच सांगून टाकलं: बावीस रियाल,
वर एक बैसासुद्धा नाही.
त्याने गाडीभोवती एक फेरी मारली
मुलगी बघायला आल्यासारखी.
"दो हजार आठ?"
हो म्हटलं, आणि मी तिसरा मालक.

सेट बदलायचा नाही, असं ठरलं.
लोक उगाच डोकं बदलतात, शमनाद म्हणतो,
बिघडलेला असतो गळा.
त्याने साल ओढलं. क्लिपा टकटक सुटल्या,
एक तुटलीच.
आत कंपनीचा स्पीकर. कागदी शंकू,
सोळा उन्हाळ्यांनी पापडासारखा भाजलेला.
बोट लावलं तर तुकडा हातात आला.
एवढ्याशा चिंधीतून मी चार वर्षं
बातम्या, क्रिकेट, घरचे निरोप, सगळं ऐकत होतो
आणि मला वाटायचं, जग असंच
जरा नाकात बोलतं.

सेकंडहँड जोडी चौदाला.
सोहारच्या कुणा पोराच्या गाडीतून उतरवलेली,
त्याला म्हणे छाती हादरेल असं काही हवं होतं.
मजुरी पाच. केबल एक.
राहिली दरवाज्याची खडखड. तिच्यासाठी खास पत्रं येतात,
अठरा रियालची.
मी डिकी उघडली.
साइटवर उरलेली डांबरी पट्टी,
गच्ची गळू नये म्हणून लावतात ती.
बारा वर्षं या देशात हेच तर करतोय,
वर्षाकाठी चार दिवस पाऊस पडतो
आणि मी छपरं गळू देत नाही.
शमनादने पट्टी हुंगली, नखाने दाबली,
"चलेगा," म्हणाला,
आणि पंचेचाळीस अंशांत आम्ही दोघांनी
पत्र्याच्या पोटावर आतून ती थापली.
कोपरापर्यंत काळे झालो.

पहिल्यांदा चालू केलं तर आवाज पोकळ,
ढोलाला दोन्ही बाजूंनी भोक पडल्यासारखा.
शमनादने डावीकडच्या वायरी उलट्या केल्या.
एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, तो म्हणाला,
दोघंही चांगले, जोडणी चुकलेली.
मी बुटाने एक नट सरकवत राहिलो.
मग खर्ज आला.
स्टिअरिंगवर ठेवलेल्या हाताला
कानाच्या आधी कळला.

दोनशे बैशांचा चहा दोघांत.

रुवीच्या सिग्नलला केबल फोनला जोडली
आणि हेमांगीचा कालचा निरोप पुन्हा लावला,
नुसता बघायला.
काल ऐकला होता, जेवता जेवता, फोनवरच.
तीच वाक्यं. गॅस आला. अण्णांचं बीपी बरंय.
पाठवलेस ते पुरले.
पण तिच्या आवाजाच्या खाली
काहीतरी चालत होतं.
थांबायचं, पुन्हा चालायचं.
मागे नेलं. पुन्हा ऐकलं.

शिलाई मशीन. पायाचं.
फोन त्याच्याच पाटावर ठेवला असणार.
दिवाळीत विकून टाकलं, म्हणाली होती.
डोळ्यांना झेपत नाही, म्हणाली होती.
निरोपाची वेळ पाहिली,
तिथले रात्रीचे सव्वाबारा.
ब्लाउजं असतील, किंवा शाळेचे गणवेश,
जूनच्या आधीचा हंगाम.

मागच्याने हॉर्न दिला. सिग्नल कधीचा हिरवा होता.

गाडी पेट्रोलपंपाच्या कडेला घेतली
आणि फोनमधलं ते माइकचं चिन्ह दाबून धरलं.
आठ-दहा सेकंद नुसता एसी रेकॉर्ड झाला असेल.
मग म्हटलं,
मशीनला तेल घाल. चाकाजवळ करकरतंय, उजवीकडे.

अंगठा तसाच दाबलेला होता, म्हणून
पुढचंही सांगून टाकलं:
गाडीचे स्पीकर बदलले आज.
बावीस रियाल.

दोनशे वीसने गुणायला
तिला कागद लागत नाही.