शंभरातले पंचवीस

वकीलबाईंचं ऑफिस टायरच्या दुकानावर.
खाली पाना फिरत होता, वर त्यांचं पेन.
एस्पान्योला गावात दुपारचे दोन,
न्यू मेक्सिकोचं ऊन काचेला टेकलेलं,
एलॉयचा उजवा हात प्लास्टरमध्ये
आणि माझे दोन्ही शाबूत,
मांडीखाली दाबून ठेवलेले.

"काय दिसलं तेवढंच सांगा,"
मिस लुहान म्हणाल्या. "काय वाटलं ते नंतर."

नारिंगी पिंपं दिसली.
मग पिंपं संपली.
संपायला नको होती तिथे संपली.
पुढे रस्ता वीतभर खोल खरवडलेला,
त्याच्या काठावरून चाक गेलं, चाकामागे आम्ही,
आणि माझा भाऊ
रेडिओचं बटण फिरवायला पुढे झुकलेला.

'सावकाश, काम चालू' हा फलक
गवतात पालथा पडला होता.
वाऱ्याने पाडला, असं कंत्राटदार म्हणतो.
"मग वाऱ्यालाच नोटीस पाठवू,"
एलॉय म्हणाला.
त्या हसल्या, जरा उशिरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोटो काढायला गेले
तर पिंपं एका रेषेत,
शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी.
फलक ताठ. त्याच्या पायाशी वाळूची पोती,
शिवणीचा दोरा अजून पांढराशुभ्र.
मी त्या दोऱ्याचाच फोटो काढला.
"हे बरं केलंत," त्या म्हणाल्या,
आणि पिवळ्या कागदावर नावं उतरवू लागल्या.

कंत्राटदार.
त्याचा पोटकंत्राटदार, पिंपं ज्याच्या जिम्म्याची.
रात्रपाळीचा रोजनामा मागवायचा,
कुणी फाडायच्या आत.
रस्ता सरकारचा, म्हणून सरकारही;
पण तिथे नव्वद दिवसांत लेखी कळवायचं.
एक्क्याण्णवाव्या दिवशी
तुटलेला हातसुद्धा तुटलेला धरत नाहीत.

"आणि तुमचा वेग?"
बावन्न.
"मैलभर आधी पंचेचाळीसची पाटी होती.
ती पडलेली नव्हती."

खाली कुणीतरी जॅक सोडला. गाडी हळूच जमिनीवर आली.

दोष शंभर धरतात, त्या म्हणाल्या,
आणि वाटतात.
त्यांनी माझ्या नावापुढे वीस लिहिलं,
खोडलं, पंचवीस लिहिलं.
इथे ज्याचा वाटा त्यानेच भरायचा,
दुसऱ्याच्या खिशातून तो निघत नाही.
म्हणजे भावाला पूर्ण भरपाई हवी असेल
तर त्याने तुमच्यावरही दावा लावायचा.
आणि मग मी तुम्हा दोघांची वकील
राहू शकत नाही.

एवढं बोलून त्यांनी पेनाला टोपण लावलं.

घरी येताना गाडी एलॉयची बायको चालवत होती.
मी मागे. पाऊण तास कुणी बोललं नाही.
माझा भाऊ न्हावी आहे. एकवीस वर्षं
अर्धं गाव त्याच्या उजव्या हाताखाली
मान खाली घालून बसलेलं आहे.
पंचवीस टक्के म्हणजे किती बोटं,
मी मोजत होते. सव्वा.
सव्वा बोट माझ्यामुळे.

दाव्याचा कागद त्याने स्वतः आणून दिला.
टपालाने पाठवता आला असता.
खाली डाव्या हाताची सही, पहिलीतल्या पोरासारखी,
ओळ सोडून वर चढलेली.
"पैसे तुझी विमा कंपनी देईल, लोरेन्झा, तू नाही."
माहीत आहे, मी म्हटलं.
"तुझं नाव फक्त लिहावं लागतं."
तेही माहीत आहे.
त्याने कॉफी घेतली नाही. मग घेतली.

तडजोड झाली सोळा महिन्यांनी.
शेवटच्या पानावर छापलेलं होतं:
कोणताही पक्ष आपला दोष मान्य करत नाही.
मी ते वाक्य तीनदा वाचलं
आणि त्याखाली सही केली.

रस्ता आता गुळगुळीत आहे.
मी तिथे चाळिशीवर येते, मागचे हॉर्न वाजवतात.

परवा एलॉयने दुकान उघडून मला खुर्चीत बसवलं.
कात्री डाव्या हातात.
कपाळावरचे केस त्याने कापले, मागे सरकून पाहिले,
पुन्हा कापले.
"तिरके झालेत," तो म्हणाला.
किती?
आरशात त्याने माझ्याकडे पाहिलं.
मग कपड्यावरचे केस झटकत म्हणाला,
"मोजू नकोस. मान खाली घाल."